मैदानावरच्या गप्पा : कोपऱ्यात कोण उभं राहणार?

तुमच्याकडे पाऊस काय म्हणतोय? या आठवड्यात आलेल्या पत्रांमध्ये एक पाकीट चांगलंच भिजलेलं होतं. शाई पसरली होती, पण अक्षर लागत होतं. पत्र आलंय मावळातून, कामशेतच्या पुढच्या एका गावातून. लिहिणारी मुलगी नववीत आहे. तिचं आणि तिच्या शाळेचं नाव मी सांगणार नाही. एक तर तिनंच तसं बजावलंय. दुसरं म्हणजे, तिच्या संघाची कच्ची बाजू मी इथं छापली, तर तालुक्यातले बाकीचे संघ टपलेलेच आहेत!

पत्र असं आहे :

"काका, आमच्या शाळेच्या मुलींच्या कबड्डी संघात आम्ही नऊ जणी आहोत. गेल्या वर्षी आमचा डावा कोपरा एकदम पक्का होता. पण ती ताई दहावी झाली आणि अकरावीला तळेगावला गेली. उजव्या कोपऱ्यातली माझी मैत्रीण चांगली खेळते, पण लोणावळ्याला भुशी धरणाच्या रस्त्यावर तिच्या घरच्यांची कणसांची गाडी आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवार तिला तिथं थांबावं लागतं, आणि आमचा सराव नेमका शनिवार-रविवारीच असतो. आता बाई म्हणतात, डावा कोपरा तू सांभाळ. मी दोन वर्षं राखीव आहे. दोन वर्षांत मिळून चारच मिनिटं खेळले, तीही सामना हातचा गेला होता तेव्हा. माझ्या हातून चढाईवाली सुटली तर सगळ्या म्हणतील, हिच्यामुळे हरलो. आणि मला लागलं तर माझ्या जागी कोण? माझ्या मागे कुणीच नाही. स्पर्धा जवळ आल्यात. काय करू?"

वाचलंत? प्रश्न एका मुलीचा आहे, पण असा प्रश्न पडलेले संघ तुमच्याही तालुक्यात दोन-चार सापडतील. म्हणून आजच्या गप्पा याच विषयावर.

ज्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर पाहिली आहे, त्यांच्यासाठी आधी 'कोपरा' म्हणजे काय ते सांगतो. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं. मधोमध मध्यरेषा. म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोल अंगण. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा आणि तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा. (मुलींचं मैदान याहून थोडं लहान, १२ मीटर बाय ८ मीटर.) चढाई आली की बचावाचे सात जण हातात हात घालून कोयत्याच्या पात्यासारखा बाक घेऊन उभे राहतात. त्या बाकाच्या दोन टोकांना जे दोघं असतात ते कोपरारक्षक. एक डावा, एक उजवा. त्यांच्या आतल्या बाजूला बाकीचे, आणि त्यांतले जे धडक मारून चढाईपटूला बाहेर ढकलतात ते मध्यरक्षक. खेळाडू त्यांना सरळ 'कव्हर' म्हणतात.

आता गंमत बघा. समोर सहा किंवा सात बचावपटू असले की चढाईपटूला बोनसचा गुण मिळवता येतो. त्यासाठी एक पाय बोनस रेषेच्या पलीकडे टेकवायचा आणि त्या वेळी दुसरा पाय हवेत हवा. म्हणजे आपल्या घरापासून पावणेपाच मीटर आत शिरून तो माणूस क्षणभर एकाच पायावर उभा असतो! सगळं वजन त्या एका पायावर. तो पाय कुणाजवळ असतो? बहुतेक वेळा कोपऱ्याजवळ. कोपरारक्षकानं खाली झेपावून घोटा धरला आणि शेजारच्यांनी झटकन घेरलं, की गडी बाद. चढाईपटू परत फिरायला वळतो तेव्हाही तसंच. वळताना एक पाय मागे राहतो, आणि तो कोपऱ्यातल्या गड्याचा असतो.

आणि कोपरा ढिला असला तर? मग चढाईपटूला आत शिरायची भीतीच उरत नाही. तो येतो, बोनस घेतो, हसत परत जातो. दुसऱ्या खेपेला अजून आत येतो. त्याला अडवायला मध्यरक्षक आपली जागा सोडून पुढे धावतात, त्यामुळे मधे भगदाड पडतं. एका कोपऱ्याची उणीव अशी साऱ्या घराला भोवते.

तर अशी ही जागा. आणि तिथला गडी मोसमाच्या तोंडावर निघून गेला तर? हे फक्त शाळेच्या संघाला होतं असं समजू नका. मावळातून पुण्याच्या दिशेनं निघालं की पुढे बालेवाडी लागते ना, तिथलं उदाहरण देतो. प्रो कबड्डीतल्या आपल्या पुणेरी पलटणचं.

पलटणनं २०२२ साली नवव्या सत्रात पहिल्यांदा अंतिम फेरी गाठली. तेव्हा त्यांचा कर्णधार आणि डावा कोपरारक्षक होता इराणचा फझल अत्राचली. तो सामना जयपूरनं ३३-२९ असा जिंकला. पुढच्या सत्रात फझल दुसऱ्या संघाकडे गेला. डावा कोपरा रिकामा! पलटणनं काय केलं? २०२३ च्या लिलावात २ कोटी ३५ लाख रुपये मोजून दुसरा इराणी डावा कोपरारक्षक आणला, मोहम्मदरझा शादलू. त्या पठ्ठ्यानं त्या सत्रात पकडींचे ९९ गुण मिळवले. उजव्या कोपऱ्यात होता तरुण गौरव खत्री. दोन्ही टोकं अशी पक्की झाली, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादला पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा करंडक उचलला. कर्णधार होता आपला नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. पंकज मोहितेनं त्या सामन्यात एकाच चढाईत चार गुण आणले होते.

झालं? सगळं छान? थांबा. ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा लिलाव झाला आणि हरियाणा स्टीलर्सनं शादलूला २ कोटी ७ लाखांना आपल्याकडे नेलं. म्हणजे ज्यांना हरवून करंडक मिळवला, त्यांच्याच घरात आपला कोपरा गेला! तेव्हा पुण्यातले कबड्डीवेडे हेच विचारत होते, जे मावळातली आपली मैत्रीण विचारते आहे : डाव्या कोपऱ्यात आता कोण?

अकराव्या सत्रात पलटण आठव्या क्रमांकावर राहिली. तेव्हा बाद फेरी पहिल्या सहा संघांची असायची, त्यामुळे ती हुकली. आणि २९ डिसेंबर २०२४ ला करंडक उचलला कुणी? हरियाणानं. कुठे? पुण्यात, बालेवाडीच्या मैदानावर! पाटण्याला ३२-२३ असं हरवून.

आता तुम्ही म्हणाल, बघा, एक कोपरा गेला आणि संघ कोसळला. नाही दोस्तांनो, इतकं सोपं नसतं. त्याच सत्रात अस्लमच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि कर्णधार बाहेर बसला. चढाईची धार गेली. एका जागेवर सगळं खापर फोडणं खोटं ठरेल. आपल्या मैत्रिणीनं ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. गावाकडच्या गप्पांत "अमक्यामुळे हरलो" हे वाक्य फार स्वस्त असतं. चाळीस चढायांचा हिशेब कुणी ठेवत नाही, शेवटची सुटलेली पकड मात्र सगळ्यांच्या लक्षात राहते.

आणि पलटणचं पुढे काय झालं? २०२५ च्या बाराव्या सत्रात साखळी सामन्यांच्या तक्त्यात पलटण सगळ्यांच्या वर होती. अस्लम परत आला होता, गौरव खत्री उजव्या कोपऱ्यात होताच. अंतिम सामन्यात ३१ ऑक्टोबरला दिल्लीनं ३१-२८ असं हरवलं खरं, पण संघ पुन्हा उभा राहिला होता. मी याच्यातून काय घेतलं सांगू? विकत आणलेला कोपरा एका वर्षात दुसरीकडे जाऊ शकतो. पण घरात वाढलेला, वर्षानुवर्षं एकाच साखळीत उभा राहिलेला गडी संघाला धरून ठेवतो. आपल्या शाळेकडे तर कोटीही नाहीत आणि लिलावही नाही! म्हणजे आपल्यासाठी एकच वाट उरते, घरातला माणूस तयार करायची.

पण त्याआधी एक नियम सांगतो, जो माहीत असूनही बरेच संघ विसरतात. संघात बारा जण असतात, मैदानात सात. डाव्या कोपऱ्यातला गडी बाद झाला, तर त्याच्या जागी राखीव गडी पाठवता येतो का? येत नाही! बाद झालेल्या खेळाडूच्या जागी बदली मिळत नाही. आपल्या संघानं समोरचा गडी बाद केला, की मगच आपला एक जण परत येतो, तोही ज्या क्रमानं बाद झाले त्याच क्रमानं. म्हणजे कोपऱ्यातला गडी बाहेर बसला की मैदानात उरलेल्या सहा, पाच, चार जणांतूनच कुणाला तरी कोपरा धरावा लागतो.

कळलं का? म्हणजे "माझ्या मागे कोण?" या प्रश्नाची दोन उत्तरं लागतात. एक उत्तर बाकावर बसलेलं असतं : कुणाला लागलं, कुणी दमलं, तर राखीव कोण. दुसरं उत्तर मैदानातच उभं असतं : कोपरा बाद झाला तर शेजारची कोण सरकणार. पहिल्याची काळजी सगळे करतात. दुसऱ्याची कुणी करत नाही, आणि सामने तिथंच हातचे जातात.

उलट हे जमलं तर काय होतं? तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड केली, तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. तिला अव्वल पकड म्हणतात. लोण पडायच्या बेतात असताना एका घोट्यानं सामना फिरतो. आणि एकेका गुणाची किंमत विचारू नका. २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई खेळांत आपल्या मुलींनी चायनीज तैपेईला हरवून सोनं आणलं, ते २६-२५ असं. फरक एका गुणाचा!

आता आपल्या मैत्रिणीनं वही काढावी. मी सांगतो तसा तक्ता आखायचा. नऊ जणींची नावं आडवी लिही. प्रत्येकीच्या नावाखाली तिची पहिली जागा, मग दुसरी जागा. कुणालाही एकच जागा ठेवायची नाही. डाव्या कोपऱ्याखाली तुझं नाव, त्याखाली तुझ्या शेजारी हात धरून उभी राहते तिचं. ती रोज तुझ्याजवळून सगळं बघते, त्यामुळे तिला ती जागा लवकर कळेल. उजव्या कोपऱ्याचंही तसंच. डावा कोपरा सांभाळणारीला उगाच उजवीकडे पाठवू नका. बाजू बदलली की पुढचा पाय बदलतो, झेप घ्यायचा हात बदलतो, सगळं उलटं होतं. ज्या बाजूची त्याच बाजूला जोडीदार शोधा. तक्ता झाला की बाईंना दाखव. त्यांना त्यात बदल करावेसे वाटले तर आनंदानं करू दे. संघ शेवटी त्यांचा आहे.

मग सरावाला लागा. पावसात मावळातलं मैदान म्हणजे भाताचं खाचर! लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार मीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जून ते सप्टेंबरात. मैदान वाळायची वाट बघत बसलात, तर स्पर्धा संपून जाईल. शाळेची एखादी खोली, पडवी, गावातलं सभागृह मिळालं तरी पुष्कळ होतं. फक्त एक अट. उघड्या फरशीवर झेप घ्यायची नाही. जाड गाद्या किंवा मॅट असेल तरच खाली पडायचं. नसेल तर उभ्यानं करायच्या गोष्टी करा. त्या थोड्या नाहीत.

पहिली गोष्ट, उभं राहणं. पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, मोकळा हात पुढे. नजर कुठे? चढाईवालीच्या डोळ्यांवर नको. डोळे फसवतात. नजर तिच्या कमरेवर आणि पायांवर. कंबर वळल्याशिवाय कुणालाच वळता येत नाही.

दुसरी गोष्ट, हाताची खूण. शेजारणीचा हात धरलेला असतोच. पकडीला जायच्या आधी तो हात दाबायचा. एकदा दाबला म्हणजे 'मी निघाले'. कोपरा एकटा गेला आणि शेजारीण जागच्या जागी राहिली, तर धरलेला घोटाही सुटतो. रोज पन्नास वेळा ही खूण करा, बोलायची गरज राहणार नाही.

तिसरी गोष्ट, थांबणं. नव्या कोपरारक्षकाची सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाई. चढाईला तीस सेकंद असतात. पहिल्याच हुलकावणीला झेप घेतली, की चढाईवाली पाय मागे ओढते आणि आपण आडव्या. म्हणून जोडीनं सराव करा. एकीनं दहा वेळा हुल द्यायची आणि त्यांत दोनदाच खरा पाय आत टाकायचा. दुसरीनं फक्त त्या दोन वेळी पुढे जायचं. आठ वेळा हलली नाही, तर तिला शाबासकी. हा खेळ वर्गातही खेळता येतो.

चौथी गोष्ट, कमी जणींचा सराव. सात जणींचा बचाव सगळेच करतात. तुम्ही रोज दहा मिनिटं चौघींचा आणि दहा मिनिटं तिघींचा करा. प्रत्येक वेळी एका कोपऱ्यातलीला बाहेर बसवा आणि बघा कोण सरकतं. पहिल्या दिवशी दोघी एकाच जागी धावतील आणि एकमेकींवर आपटतील. आपटू देत. स्पर्धेत आपटण्यापेक्षा पडवीत आपटलेलं बरं.

आणि जपून खेळायचे नियम विसरू नका. घोटा धरताना हनुवटी वर आणि डोकं बाजूला, नाही तर चढाईवालीचा गुडघा तोंडावर बसतो. नखं कापलेली हवीत, बांगड्या-साखळ्या घरी. केस आणि कपडे ओढायचे नाहीत, गळा धरायचा नाही, पायांची कात्री घालायची नाही. या सगळ्याला नियमात बंदी आहे आणि ती योग्यच आहे. धरायचं ते हातपाय किंवा धड.

मावळात तालमी आहेत, जत्रेला कुस्त्यांचे फड लागतात. घरात कुणी कुस्ती केलेलं असेल तर त्यांना विचार, पट कसा काढतात. इराणचे लोकही कुस्तीवेडे आहेत. इराणच्या पुरुष संघानं २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत उपांत्य फेरीत भारताला २७-१८ असं हरवलं होतं. १९९० पासून सुवर्णपदक आपलंच, असं आपण धरून चाललो होतो. खेळ आपला म्हणून जागा आपली राहत नाही. ती रोज सांभाळावी लागते.

आता उजव्या कोपऱ्यातल्या मैत्रिणीचं बघू. शनिवार-रविवारी ती सरावाला येत नाही म्हणून कुणी तिला नावं ठेवत असेल, तर आधी ते थांबवा. भुशी धरणाकडे पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी किती गर्दी होते, हे लोणावळ्याच्या मुलांना सांगायला नको. त्या चार महिन्यांच्या शनिवार-रविवारांवर कितीतरी घरांचा वर्षाचा हिशेब अवलंबून असतो. कोळशावर कणसं भाजणारी ती मुलगी टंगळमंगळ करत नाहीये, घर सांभाळते आहे. तसंच जुलैत भातलावणी असते. तेव्हा अर्धा वर्ग खाचरात असतो. मग यावर उपाय? सराव तिच्या दिवशी न्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार शाळा भरायच्या आधी पाऊण तास. बाईंना सगळ्या मिळून सांगा. नऊ जणींच्या संघात सराव सातजणींचा आणि सामना नऊजणींचा असं चालत नाही.

आणि आता तुझी भीती. खरं सांगू? भीती वाटते हे तू लिहिलंस, तेव्हाच मला वाटलं, ही मुलगी जबाबदारी ओळखते. दोन वर्षं बाकावर बसून तू काय केलंस? सामने पाहिलेस. कोणत्या शाळेची चढाईवाली कुठल्या पायानं बोनस घेते, कोण डावीकडे वळते, कोण शेवटच्या पाच मिनिटांत दमते, हे बाकावरून जितकं दिसतं तितकं मैदानातून दिसत नाही. ते सगळं तुझ्याकडे आहे. वहीत उतरवून काढ. तुला वाटेल त्याहून जास्त पानं भरतील.

पकडी सुटतील. पहिल्या सामन्यात तर नक्की सुटतील. ९९ गुण मिळवणाऱ्या शादलूच्या हातूनही पकडी सुटतच असतात. सुटली की तू बाद होशील, बाहेर जाऊन बसशील, शेजारीण तुझ्या जागी सरकेल, कुणी तरी पकड करेल आणि तू परत आत येशील. खेळाची रचनाच तशी आहे. पहिली पकड सुटल्यावर दुसऱ्या वेळी तू हात आखडता घेतलास, तर मात्र मला वाईट वाटेल.

बाईंना एक विनंती कर. सरावाच्या सामन्यांत तुला पहिल्यापासून उतरवू देत, आणि उत्तरार्धात तुझ्या जागी तुझ्या मागच्या मुलीला. दोन वर्षांत चार मिनिटं हा जो हिशेब तुझ्या वाट्याला आला, तो तिच्या वाट्याला येऊ नये. गुण फरकानं हातात असताना राखीव मुलीला मैदान दाखवायला हवं, सामना हरल्यात जमा झाल्यावर नव्हे. आज तू विचारतेस, "माझ्या मागे कोण?" तक्त्यात दुसरं नाव लिहिलंस आणि तिला शेजारी उभं करून शिकवलंस, की याचं उत्तर तुलाच मिळेल. पुढच्या वर्षी तू दहावीत जाशील, त्यानंतर तूही तळेगावला किंवा पुण्याला निघून जाशील. तेव्हा कुणा आठवीतल्या मुलीला असं भिजलेलं पत्र मला लिहायला लागू नये.

आई-बाबांसाठीही चार ओळी. नववी-दहावी आली की "आता खेळ पुरे" असं आपण पटकन म्हणून जातो. अभ्यास हवाच, त्यात तडजोड नको. पण नऊ जणींच्या संघातून एक मुलगी काढली तर आठ उरतात, दोन काढल्या तर मैदानात उतरायला जेमतेम सात. आपल्या एका 'नाही'मुळे बाकीच्यांचा खेळही बंद पडू शकतो. म्हणून 'नाही' म्हणण्याआधी सरावाची वेळ विचारा, येण्या-जाण्याची सोय विचारा, मॅट आहे का ते विचारा. जमलं तर एखाद्या संध्याकाळी जाऊन बघा. तिचं नाव पहिल्या सातांत आहे का, हे विचारू नका. "आज कोणत्या जागी उभी राहिलीस?" एवढंच विचारा.

बरं तर दोस्तांनो, या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या संघाचा, मग तो कबड्डीचा असो, खो-खोचा असो की फुटबॉलचा, असाच तक्ता आखा. प्रत्येक जागेखाली दोन नावं. ज्या जागेखाली दुसरं नाव सुचणार नाही, ती तुमच्या संघाची रिकामी जागा. तिथून सरावाला सुरुवात करा आणि काय झालं ते मला कळवा.

आणि मावळातल्या मैत्रिणी, स्पर्धा झाली की पत्र पाठव. जिंकलात की हरलात ते शेवटी लिही. आधी हे लिही, की डाव्या कोपऱ्यात किती मिनिटं तू होतीस आणि किती मिनिटं ती दुसरी.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर नखं कापा!

तुमचा,
मैदानकाका